ओ गटाला कीटो मानवतो, ए गटाला नाही?

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. माझे वय ४६, यजमानांचे ५१. दोन महिन्यांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच दिवशी कीटो आहार सुरू केला. भात, भाकरी, पोळी, साखर, बटाटा आणि डाळी बंद केल्या. पनीर, तूप, चीज, बदाम आणि पालेभाज्या चालू ठेवल्या, शिवाय यजमानांसाठी अंडी आणि चिकन. त्यांचे वजन आठ किलोने उतरले, माझे जेमतेम अडीच. भिशीतल्या एका मैत्रिणीने आणि नंतर व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकांनीही सांगितले, की यजमानांचा रक्तगट ओ असल्यामुळे त्यांना कीटो मानवतो आणि माझा ए असल्यामुळे मला तो मानवणार नाही. रक्तगटानुसार आखलेला आहाराचा तक्ता विकत घ्यावा, असाही सल्ला मिळाला आहे. यात तथ्य आहे का? मला थायरॉइडची गोळी चालू आहे. यजमानांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या आहेत. गेल्या आठवड्यापासून त्यांना सकाळी मळमळते, पण तो ‘कीटो फ्लू’ आहे, जाईल, असे प्रशिक्षक म्हणतात. आमची १५ वर्षांची मुलगी ओ गटाची आहे. तिलाही हा आहार सुरू करायचा आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातला मुख्य प्रश्न रक्तगटाचा आहे आणि त्याचे उत्तर मी सविस्तर देणार आहे; परंतु पत्र वाचताना माझी नजर थांबली ती आपण ओघात लिहून गेलेल्या शेवटच्या काही ओळींवर. पत्र हाती येताच त्याविषयी मी आपल्याला वेगळे कळवले आणि आपण दोघे त्याच संध्याकाळी डॉक्टरांना भेटलात, हे समजल्यावर मोठा दिलासा मिळाला. तरीही ती गोष्ट इथे पुन्हा मांडतो आहे, कारण मधुमेहाच्या गोळ्या घेत असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून कीटो सुरू करणारी घरे पुण्यात आता थोडी राहिलेली नाहीत.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातल्या गोळ्या रक्तातली जास्तीची साखर मूत्रावाटे बाहेर टाकतात. त्यामुळे रक्तातल्या इन्सुलिनची पातळी खाली येते आणि शरीर चरबी जाळून कीटोन नावाचे पर्यायी इंधन तयार करण्याकडे झुकते. कीटो आहारही नेमके हेच करतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की कीटोन प्रमाणाबाहेर साठून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. या स्थितीला कीटोॲसिडोसिस म्हणतात आणि ती जिवावर बेतू शकते. एरवी या आजारात ग्लुकोमीटरवर साखर तीनशे-चारशेच्या घरात दिसते आणि घरचे लोक सावध होतात. या गोळ्यांसोबत मात्र साखर जवळजवळ नेहमीसारखी दिसत असतानाही रक्त आम्लधर्मी झालेले असू शकते. मळमळ, उलटी, पोटदुखी, विलक्षण थकवा आणि खोल, जलद श्वास ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी रुग्णालयात जाऊन गोळीचे नाव आवर्जून सांगावे आणि रक्तातील कीटोनची तपासणी करण्याची विनंती करावी. अन्न पोटात टिकत नसेल, तर त्या दिवशी ही गोळी घेऊ नये, असेच डॉक्टर सर्वसाधारणपणे सांगतात.

ज्याला कीटो फ्लू म्हणतात, ती डोकेदुखी आणि मरगळ आहार बदलल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत येते आणि ओसरते. दोन महिन्यांनी नव्याने सुरू झालेल्या मळमळीला ते नाव देणे चुकीचे होते. ग्लिमेपिराइडचा धोका वेगळा आहे. ही गोळी जेवणात काय आहे हे न पाहता इन्सुलिन स्रवायला लावते. ताटातून भात आणि भाकरी गेली आणि गोळीची मात्रा तीच राहिली, तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर आणि बेशुद्धी येऊ शकते. म्हणून मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीने कीटो सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून औषधांची मात्रा ठरवून घ्यायची असते, सुरू केल्यानंतर नव्हे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. रक्तगटावरून कीटो आहार कुणाला मानवेल आणि कुणाला नाही, हे ठरत नाही. हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो, ते समजण्यासाठी रक्तगट म्हणजे नेमके काय, हे पाहावे लागेल.

व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या बारीक साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला एका प्रकारची शर्करा जोडली गेली तर रक्तगट ए, दुसऱ्या प्रकारची जोडली गेली तर बी, दोन्ही असतील तर एबी आणि जादा काहीच जोडले गेले नाही तर ओ. एवढाच हा फरक आहे. आपल्याकडे लग्नाकार्यात मिळालेल्या स्टीलच्या पातेल्यांवर देणाऱ्याचे नाव कोरलेले असते. त्या नावावरून पातेले कुणाकडून आले ते कळते, पण त्यात आमटी शिजते की खीर, हे त्या नावावर अवलंबून नसते. रक्त देताना आणि घेताना हे कोरलेले नाव फार महत्त्वाचे ठरते, कारण परके नाव दिसताच शरीर त्या पेशींवर तुटून पडते. चरबीचे ज्वलन मात्र ते नाव वाचून होत नाही.

कीटो आहारात घडते ते असे. रोजची कर्बोदके साधारण २० ते ५० ग्रॅमवर आणली, की इन्सुलिन घटते, चरबीच्या साठ्यातून मेदाम्ले सुटतात आणि यकृत त्यांच्यापासून कीटोन तयार करते. मग मेंदू, हृदय आणि स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत पस्तीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, यावरून ही मर्यादा किती कडक आहे याची कल्पना येईल. या सगळ्या साखळीत यकृत आहे, स्वादुपिंड आहे, स्नायू आहेत. ए आणि बी ठरवणाऱ्या शर्करेचे त्यात कुठेच काम पडत नाही.

याचा एक पुरावा आपल्या महाराष्ट्रातच सापडला. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिशय विरळा रक्तगट नोंदवला, ज्याला आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. ओ गटाच्या व्यक्तीकडे निदान ती मूळ साखळी तरी असते. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत तीही पूर्ण होत नाही. तरीही ही माणसे तुमच्या-माझ्यासारखे सर्वसाधारण अन्न खाऊन निरोगी जगतात, आणि त्यांना अडचण येते ती रक्त लागते तेव्हाच. ती मूळ साखळीच अपुरी असूनही जेवण पचायचे थांबत नसेल, तर ए आणि ओ यांच्यातल्या एका शर्करेच्या फरकाने आपले आणि आपल्या यजमानांचे वजन वेगवेगळ्या गतीने उतरते, असे म्हणायला आधार राहत नाही.

मग ही समजूत आली कुठून? पीटर डी’ॲडॅमो या अमेरिकेतील निसर्गोपचारतज्ज्ञांनी १९९६ मध्ये एका पुस्तकातून रक्तगटानुसार आहाराची कल्पना मांडली आणि ती जगभर पसरली. त्यांच्या मते ओ हा सर्वांत जुना, शिकारी माणसाचा गट असून त्याने मांस अधिक आणि धान्य कमी खावे. ए हा शेतीसोबत आलेला गट असून त्याने शाकाहारी राहावे. आणि बी हा भटक्या पशुपालकांचा गट असल्यामुळे त्याला दूधदुभते चालते. ओ गटाचा हा तक्ता धान्ये कमी करणारा असल्यामुळे पुढे लोकांनी त्याची सांगड कीटोशी घातली आणि ‘ओ गटाला कीटो’ हे वाक्य तयार झाले. वास्तविक कीटो हा प्रथिनप्रधान नव्हे, तर स्निग्धप्रधान आहार आहे, त्यामुळे ही सांगडही नीट बसत नाही.

कथा ऐकायला सुंदर आहे, परंतु जनुकशास्त्र तिला दुजोरा देत नाही. ओ गटाचा सर्वांत सामान्य जनुक म्हणजे ए गटाच्या जनुकातले एक अक्षर गळून तो निकामी झाल्याचे रूप आहे. म्हणजे ओ हा ए चा पूर्वज असू शकत नाही. शिवाय ए आणि बी ही रूपे गिबनसारख्या वानरांतही आढळतात आणि त्यांचा उगम माणूस घडण्याच्या फार आधीचा, निदान दोन कोटी वर्षांपूर्वीचा आहे. दहा हजार वर्षांपूर्वीच्या शेतीने ए गट निर्माण केला, हे त्यामुळे शक्यच नाही.

या मताचा दुसरा खांब आहे लेक्टिन नावाच्या प्रथिनांचा. धान्ये आणि कडधान्ये यांतील लेक्टिने विशिष्ट रक्तगटाच्या पेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतात, असा हा दावा आहे. इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण या गोष्टीचा धागा थेट पुण्याशी जुळतो. काही लेक्टिने खरोखरच रक्तगट ओळखतात, आणि त्यांतले सर्वांत प्रसिद्ध लेक्टिन आपल्या हुलग्यात, म्हणजेच कुळथात आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, की हुलग्याचा अर्क ए गटाच्या पेशी एकत्र गोळा करतो. ए गटाचे ए-१ आणि ए-२ हे उपप्रकार वेगळे करण्यासाठी रक्तपेढ्यांमध्ये हा अर्क आजही वापरला जातो. रक्तगटानुसार आहाराचा सिद्धांत खरा असता, तर कुळथाचे पिठले खाणाऱ्या ए गटाच्या माणसांची कोकणात आणि देशावर पिढ्यान्‌पिढ्या दैना उडाली असती. तसे काही झालेले नाही. परीक्षानळीत कच्च्या बियांचा अर्क पेशींवर थेट ओतणे ही एक गोष्ट आहे, आणि भाजून, दळून, रटरट उकळलेले पिठले पोटात जाऊन पचणे ही वेगळी. चांगल्या उकळीने बहुतेक लेक्टिने निष्क्रिय होतात. राजमा कच्चट ठेवला तर त्याच्या लेक्टिनाने उलट्या-जुलाब होतात, पण ते कुठल्याही रक्तगटाच्या माणसाला होतात. आपण कडधान्ये बंद केली आहेत म्हणून सांगतो : ए गटासाठी कुळीथ वर्ज्य नाही. मला तर ते आपल्या ताटात परत आलेले हवे आहे.

प्रत्यक्ष माणसांवरही ही कल्पना तपासून झाली आहे. २०१३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा रक्तगटानुसार आहाराचा लाभ सिद्ध करणारा पुरावा सापडला नाही. २०१४ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी १,४५५ जणांच्या आहाराची आणि रक्तगटाची तुलना प्रसिद्ध केली, आणि तिचा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. ए गटासाठी सांगितलेल्या, भाज्याफळे अधिक असलेल्या आहाराशी जवळीक असणाऱ्यांचे वजन, कंबर आणि रक्तदाब चांगले होते. ओ गटासाठी सांगितलेल्या, धान्ये कमी असलेल्या आहाराशी जवळीक असणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीचे प्रमाण, कमी होते. मात्र हे फायदे त्या-त्या व्यक्तीचा रक्तगट कोणता आहे, यावर अवलंबून नव्हते. तक्त्यातला आहार काही अंशी चांगला असू शकतो. तो ज्याच्या नावाने विकला जातो, त्या नावाचा त्याच्याशी संबंध नसतो. हा अभ्यास कीटोचा नव्हता, हे खरे, परंतु ज्या ओ-गटाच्या तक्त्यावरून आपल्याला सल्ला मिळाला, त्या तक्त्याचीच ती परीक्षा होती. तेव्हा तो तक्ता विकत घेऊ नका.

रक्तगटाला आरोग्यात काहीच अर्थ नाही, असे मात्र मी म्हणत नाही. ओ गटाच्या लोकांत रक्त गोठण्यास मदत करणारा एक घटक सुमारे पाव हिश्श्याने कमी असतो, आणि इतर गटांत शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका थोडा अधिक दिसतो. हे फरक खरे आहेत, पण त्यांवरून ताटातली भाकरी ठरत नाही.

मग एकाच घरात, एकाच कढईतले खाऊन आठ आणि अडीच किलो, एवढा फरक का पडला? आपली खंत मला इथे कळते. आपण तितकेच पथ्य पाळले आणि शरीराने साथ दिली नाही, असे आपल्याला वाटते आहे. पत्रात आपण तसे लिहिले नसले तरी त्या दोन आकड्यांत ते दिसते. तसे मुळीच नाही. शरीरात, मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात, चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठलेले असते आणि प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. कर्बोदके बंद होताच हा साठा आणि त्यासोबतचे पाणी निघून जाते. ज्याचे स्नायू अधिक, त्याचा साठा मोठा. म्हणून पुरुषांचे वजन पहिल्या पंधरवड्यात झपाट्याने उतरते, आणि त्यात चरबीचा वाटा थोडा असतो. यजमानांची डापाग्लिफ्लोझिनची गोळी रोज पन्नास-साठ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक साखर मूत्रावाटे बाहेर टाकते. दोन-तीन किलो वजन एकट्या या गोळीनेही उतरू शकते. त्यांच्या आठ किलोंचे श्रेय रक्तगटाला देताना या गोष्टी हिशेबातच घेतल्या गेल्या नाहीत.

आपल्या बाजूने पाहिले, तर पनीर, चीज, बदाम आणि तूप यांत कर्बोदके कमी असली तरी उष्मांक भरपूर असतात. एका मोठ्या चमचाभर तुपात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि कीटोमध्ये तूप कितीही चालते हा समज वजनाचा काटा अडवून ठेवतो. शाकाहारी कीटोत डाळी आणि कडधान्ये गेल्यामुळे प्रथिने कमी पडतात, आणि पोट भरल्याची भावनाही लवकर ओसरते. थायरॉइडच्या गोळीकडेही लक्ष द्यावे. ती उठल्यावर पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्य तर तासभर, काही खाऊ-पिऊ नये. लगेच घेतलेली कॉफी तिचे शोषण कमी करते, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर ती चार तासांच्या अंतराने घ्यावी. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून बराच काळ झाला असेल, तर ती तपासणी आता करून घ्या. चाळिशीच्या उत्तरार्धात पाळीच्या चक्रानुसार शरीरात पाणी साठते आणि एक-दीड किलोचा फरक तेवढ्यानेही दिसतो.

माणसामाणसांतला फरक किती मोठा असतो, हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ मधल्या प्रयोगात दिसून आले. ६०९ जणांना वर्षभर कमी कर्बोदकांचा किंवा कमी स्निग्धांशाचा आहार दिला गेला. सरासरी वजनघट अनुक्रमे सहा आणि सव्वापाच किलोच्या आसपास भरली, म्हणजे दोहोंत फारसा फरक नव्हता; परंतु प्रत्येक गटात कुणाचे वजन तीस किलोंनी उतरले, तर कुणाचे दहा किलोंनी वाढले. स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदके यांच्या पचनाशी संबंधित मानलेले जनुक आणि इन्सुलिन स्रवण्याची क्षमता, या दोहोंवरूनही कोणता आहार कुणाला लाभेल हे सांगता आले नाही. जिथे चयापचयाशी थेट नाते असलेली चिन्हे अपुरी पडली, तिथे रक्तगटाकडून उत्तराची अपेक्षा कशी करावी?

आपल्याला माझा सल्ला असा, की कीटो थांबवावा. हा आहार १९२१ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी अपस्मारावरील उपचार म्हणून सुचवला होता, आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या झटक्यांवर तो आजही देखरेखीखाली दिला जातो. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. वजनासाठी मात्र पहिल्या काही महिन्यांत दिसणारी आघाडी वर्षभरात बरीच ओसरते, आणि काहींचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चांगलेच वाढते. दोन महिने तूप आणि चीज इतके घेतल्यावर आपण दोघांनीही लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्यावी. जेवणात भाताऐवजी एक भाकरी, तिच्याबरोबर वाटीभर उसळ किंवा कुळथाचे पिठले, मोठी वाटी कोशिंबीर आणि घट्ट वरण, असे ताट ठेवले तर कर्बोदके आधीच्या मानाने बरीच घटतील आणि प्रथिने वाढतील. साखर, मैदा, फरसाण आणि संध्याकाळचा बेकरीचा खाऊ बंदच असू द्या. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे चालावे, आणि शक्य होईल त्या सकाळी वेताळ टेकडीची एक फेरी करावी. गणपतीत एखादा उकडीचा मोदक खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नये. यजमानांचे ताट त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा बसवल्यानंतरच बदलावे.

मुलीला हा आहार देऊ नका. पंधराव्या वर्षी हाडे भरत असतात, पाळी अजून स्थिरावत असते, आणि एखाद्या अन्नगटाला शत्रू मानण्याची सवय या वयात लागली तर ती सुटायला फार जड जाते. तिला वजनाची काळजी खरोखर वाटत असेल, तर तिची उंची आणि वजन बालरोगतज्ज्ञांकडून एकदा पाहून घ्या. तोवर डब्यात पोळी-भाजी, कडधान्य आणि एखादे फळ द्या, आणि घरात तिच्यासमोर कुणाचे किती किलो उतरले याची चर्चा होणार नाही एवढे आपण दोघांनी पाहा.